पिकअप गाड्यांचे वजनवर्ग

पिकअप गाडी नोंदणीत कोणत्या वर्गात जाते, हे हौद्याच्या लांबीवरून किंवा त्यात किती माल मावतो यावरून ठरत नाही. ते ठरते एकूण वाहन वजनावरून, म्हणजे गाडी आणि तिच्यावरचा भार मिळून आरटीओने मान्य केलेल्या कमाल वजनावरून. रोजच्या बोलण्यात यालाच पासिंग म्हणतात. पेणची एमएच ०६, सिंधुदुर्गाची एमएच ०७ किंवा रत्नागिरीची एमएच ०८, गाडी कुठलीही असली तरी हे वर्ग मोटार वाहन कायदा, १९८८ नुसार देशभर एकच आहेत.

मालवाहू गाडीचे एकूण वजन ७,५०० किलोपर्यंत असेल तर ती हलके वाहन, १२,००० किलोच्या वर गेली तर जड आणि मधली मध्यम. छोट्या हत्तीपासून मोठ्या बोलेरो पिकअपपर्यंत कोकणात दिसणाऱ्या जवळपास सगळ्या पिकअप त्यामुळे हलक्या वर्गातच येतात. पण या वर्गाच्या आत आणखी दोन सीमा आहेत. ३,००० किलोपर्यंतच्या मालवाहू गाडीला परवाना, म्हणजे परमिट, लागत नाही. आणि तांत्रिक वर्गवारीत ३,५०० किलोपर्यंतची गाडी एन-१ गटात, त्यापुढची १२,००० किलोपर्यंत एन-२ गटात जाते. काही पिकअपच्या कागदावर २,९९० किंवा ३,४९० असे आकडे दिसतात, ते या सीमा सांभाळूनच ठेवलेले असतात.

मालकाच्या खऱ्या कामाचा आकडा मात्र वजाबाकीतून निघतो. समजा, आरसीवर एकूण वजन २,९९० किलो आणि रिकामे वजन १,७०० किलो आहे. उरले १,२९०. रिकाम्या वजनात ड्रायव्हर आणि क्लीनर धरलेले नसतात. त्यांचे दीडशे किलो काढले की मालासाठी १,१४० किलो राहतात. हौद्यावर उंच लोखंडी जाळी चढवली तर तिचे वजनही यातूनच जाते, कारण एकूण मर्यादा तीच राहते.

हा हिशेब कोकणात फार महत्त्वाचा आहे, कारण इथे माल किलोवर नाही तर नगावर भरला जातो. हापूसची पाच डझनांची पेटी घ्या. फळ सरासरी पाव किलोचे धरले तर नुसते आंबेच पंधरा किलो. लाकूड आणि पेंढा वेगळा. ऐंशी पेट्यांत फळच १,२०० किलो होते, म्हणजे वरच्या उदाहरणातली गाडी लाकूड मोजण्याआधीच ओव्हरलोड. जांभ्याच्या चिऱ्यांची गोष्ट आणखी फसवी आहे: थोडे चिरे लागले की वजन पुरे होते, पण हौदा अर्धा रिकामा दिसतो आणि ‘अजून थोडे टाका’ असे कुणीतरी म्हणतेच. पावसात भिजलेला चिरा त्याहून जड. मासळीच्या क्रेटमध्ये बर्फाचे वजन बहुतेक वेळा कुणी धरत नाही. वजनकाट्यावर ते भरतेच.

मागच्या पाट्यांत, म्हणजे भार पेलणाऱ्या स्प्रिंगच्या पट्ट्यांत, एखादा जादा पाटा घालून घेण्याची पद्धत सर्रास आहे. त्याने गाडी मागून दबत नाही एवढेच; पासिंग एका किलोनेही वाढत नाही. ब्रेक, अ‍ॅक्सल आणि टायर कंपनीने ठरवलेल्या वजनासाठीच असतात. आंबा किंवा करूळ घाट उतरताना सगळा भार ब्रेकवर येतो, ते तापतात आणि त्यांची पकड कमी होते. दंडाच्या भीतीपेक्षा हे कारण मोठे आहे.

दंडही कमी नाही. २०१९ च्या दुरुस्तीनंतर जादा भाराला २०,००० रुपये आणि वरच्या प्रत्येक टनाला २,००० रुपये. शिवाय जादा माल उतरवण्याचा खर्च मालकाकडे. अधिकारी गाडी पुढच्या वाटेवरच्या १० किलोमीटरच्या आतल्या काट्यावर न्यायला सांगू शकतो. वजन करून द्यायला नकार दिला तर ४०,००० रुपये.

मालवाहू गाडीसाठी लायसन्सवर वेगळी नोंद लागते का, हा जुना घोळ आता मिटला आहे. ७,५०० किलोपर्यंतची मालवाहू गाडी साध्या हलक्या वाहनाच्या लायसन्सवर चालवता येते, वेगळी नोंद लागत नाही, असे सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने नोव्हेंबर २०२४ मध्ये स्पष्ट केले. मालवाहू गाडीच्या थर्ड पार्टी विम्याच्या हप्त्याचा पहिला वजन-टप्पाही ७,५०० किलोपर्यंतचाच आहे.