सीटी अँजिओग्राफी वेगळी, कॅथेटरची अँजिओग्राफी वेगळी

लातूर, नांदेड किंवा छत्रपती संभाजीनगरला हृदयाच्या तपासणीसाठी आलेले नातेवाईक हमखास विचारतात, "एकदा अँजिओग्राफी झाली ना, मग पुन्हा कशाला?" बहुतेक वेळा पहिली सीटीची असते आणि दुसरी कॅथेटरची. अँजिओग्राफी म्हणजे रक्तवाहिन्यांचं चित्र. दोन्हींत क्ष-किरण आणि वाहिन्या उठून दिसाव्यात म्हणून आयोडीनचं औषध वापरतात, पण चित्र उमटतं निराळ्या रीतीने.

सीटीत औषध हाताच्या शिरेतून देतात. यंत्र शरीराभोवती फिरतं आणि संगणक सुमारे अर्ध्या मिलिमीटरचे काप जुळवून रक्तवाहिनीचं त्रिमितीय चित्र उभं करतो. वाहिनीच्या भिंतीत साचलेला थरही त्यात दिसतो, हा तिचा खरा मोठेपणा.

मात्र हृदय सतत हलतं, आणि चित्र बिघडतं ते इथेच. म्हणून ठोके मिनिटाला साठच्या आसपास आणायला आधी गोळी देतात, ईसीजीशी मेळ घालून चित्र घेतात, श्वास रोखायला सांगतात. चहा-कॉफी आणि तंबाखू बंद ठेवायला सांगतात तेही त्यासाठीच. कृपया ते पाळा; चित्र स्वच्छ येणं बरंचसं रुग्णाच्याच हाती असतं.

कॅथेटरच्या तपासणीत मनगटातून किंवा जांघेतून बारीक नळी थेट हृदयाच्या वाहिनीच्या तोंडाशी नेतात. दिसते ती सपाट सावली, पण अधिक बारकाव्याची. आणि गरज पडल्यास तिथेच स्टेंट, म्हणजे वाहिनी उघडी ठेवणारी जाळीची नळी, तोही बसवता येतो. मेंदूच्या वाहिनीची भिंत फुग्यासारखी फुगली असेल तर यंत्राचा हात डोक्याभोवती फिरवून कॅथेटरचंही त्रिमितीय चित्र मिळवतात. औषधाआधीचं चित्र वजा केलं की हाडं पुसली जातात आणि फक्त वाहिन्या उरतात.

मग दुसऱ्यांदा का? वाहिनीत कॅल्शियम फार असेल तर सीटीत ते फुगून दिसतं आणि अडथळा आहे त्याहून मोठा वाटतो; म्हणून खात्रीसाठी कॅथेटरची तपासणी करतात. २०२१ मध्ये अमेरिकेत मान्यता मिळालेलं फोटॉन (क्ष-किरणांचा एकेक कण) मोजणारं सीटी हा दोष बराच कमी करतं, पण अशी यंत्रं अजून मोजक्या ठिकाणीच आहेत.

आयोडीनचा भार मूत्रपिंडावर येतो, म्हणून दोन्हींआधी रक्तातलं क्रिएटिनिन (मूत्रपिंड कसं चालतंय ते यावरून कळतं) तपासतात. बीड-धाराशिवहून मे महिन्याच्या उन्हात प्रवास करून येणाऱ्याने पाणी किती प्यायचं हे डॉक्टरांना आधीच विचारावं, आणि मधुमेहाची मेटफॉर्मिन चालू असेल तर तेही सांगावं.