रस्त्यात पुरलेली शेगडी

इंडक्शन शेगडीवर दूध तापत असताना पातेलं चार बोटं वर उचलून बघा. शेगडी बीप बीप करत रुसते. तिच्या पोटात तांब्याच्या तारेचं वेटोळं असतं आणि त्यातल्या विजेची दिशा सेकंदाला हजारो वेळा उलटसुलट होत असते. तिच्या बदलत्या चुंबकक्षेत्रामुळे पातेल्याच्या बुडात प्रवाह सुरू होतो. हे तत्त्व मायकेल फॅरेडेने १८३१ सालीच दाखवून दिलं होतं. पण अंतर वाढलं की खेळ संपला.

आता पातेल्याच्या जागी विजेवर चालणारी बस आणा, तीही धावती! दक्षिण कोरियातल्या गुमी शहरात २०१३ साली कायस्ट या संस्थेने तेच केलं. २४ किलोमीटरच्या मार्गावर मोजक्याच पट्ट्यांत तारा पुरल्या आणि बसच्या बुडाला दुसरं वेटोळं बसवलं. मधली फट १७ सेंटिमीटर, म्हणजे वितीला थोडी कमी. तरीही १०० किलोवॅट वीज वर चढायची, ८५ टक्क्यांपर्यंत कार्यक्षमतेने.

शेगडीला जे चार बोटांवर जमत नाही, ते इथे कसं जमलं? दोन तंबोरे एकाच सुरात लावले की एकाची तार छेडताच दुसऱ्याची आपोआप झणझणते ना, तसंच. कपॅसिटर, म्हणजे वीज क्षणभर साठवून परत सोडणारा भाग, जोडून दोन्ही वेटोळी एकाच वारंवारतेला लावलेली असतात. बस वर आली की खालचा तुकडा चालू, पुढे गेली की बंद.

अमेरिकेतल्या डेट्रॉइटमध्ये नोव्हेंबर २०२३ मध्ये असाच सुमारे ४०० मीटरचा रस्ता तयार झाला. जरा हिशेब करू. समजा २० किलोवॅट मिळतात आणि गाडी ताशी ४० किलोमीटरने जाते. ४०० मीटरला लागतात ३६ सेकंद, तेवढ्यात मिळतं ०.२ युनिट, म्हणजे आपल्या वीजबिलावरच्या एका युनिटचा पाचवा हिस्सा. छोटी कार त्यावर सव्वा किलोमीटर जाईल. फार नाही! म्हणून मला यात कारपेक्षा बस आणि ट्रकचंच भलं दिसतं. रोज त्याच वाटेने जाणाऱ्या बसला थोडं थोडं मिळत राहिलं, तर बॅटरी लहान चालते, वजन आणि किंमत दोन्ही उतरतात. स्वीडनच्या गोटलंड बेटावर १.६ किलोमीटरच्या पट्ट्यावर चाचणी झाली, तीही बस आणि ४० टनी ट्रक घेऊनच.

वेटोळी डांबराखाली जेमतेम काही सेंटिमीटरवर असतात. आपल्याकडे नवा रस्ता झाला की महिन्याभरात कुणीतरी पाइप टाकायला कुदळ घेऊन हजर!