बहुमजली इमारतीचा हिशेब जलूदपासून मांडावा लागतो

इंदूरमध्ये निपानिया, बायपास आणि सुपर कॉरिडॉरच्या परिसरात उंच निवासी इमारतींची संख्या झपाट्याने वाढते आहे आणि रामबाग, नारायण बाग यांसारख्या जुन्या वस्त्यांतली अनेक मराठी कुटुंबेही आता वाड्याऐवजी 'मल्टी'तला फ्लॅट पसंत करतात. अशा इमारतींच्या जाहिरातींत 'हरित' हे विशेषण सर्रास आढळते. ग्रिहा किंवा आयजीबीसी यांसारख्या मानांकन पद्धती त्यासाठी निकष पुरवतात, परंतु जाहिरातीत दाखवले जाणारे प्रमाणपत्र पुष्कळदा नकाशावर आधारलेले, म्हणजे पूर्वप्रमाणपत्र असते. इमारत शाश्वत आहे की नाही, हे लोक तिथे राहू लागल्यावरच नीट मोजता येते, आणि इंदूरपुरते बोलायचे तर ही मोजणी पाण्यापासून सुरू करावी, असे माझे ठाम मत आहे.

याचे कारण भूगोलात आहे. शहराला मिळणारे बहुतेक पाणी मंडलेश्वरजवळच्या जलूद येथून, सुमारे 70 किलोमीटरवरून, नर्मदेच्या खोऱ्यातून माळव्याच्या पठारावर पंपांनी चढवून आणले जाते. ही चढण नुसती 500 मीटर धरली, तरी 1000 लिटर पाणी तेवढे उचलण्यासाठी भौतिकशास्त्राच्या नियमाने 1.36 युनिट ऊर्जा लागते, आणि पंप व जलवाहिनीतली हानी जमेस धरली की हा आकडा दोन युनिटांच्या आसपास जातो. तेच पाणी इमारतीच्या तळटाकीतून विसाव्या मजल्यावर, म्हणजे साधारण 60 मीटर उंच, न्यायला हानीसह पाव ते अर्धा युनिट पुरतो. म्हणजे इमारतीच्या उंचीपेक्षा घाटाची उंची कितीतरी महाग आहे, आणि तरीही तो खर्च सोसायटीच्या वीजबिलात कुठेच दिसत नाही. महापालिकेने 2023 मध्ये हरित रोखे, म्हणजे पर्यावरणपूरक कामांसाठीचे कर्जरोखे, विकून जलूद येथील सौर प्रकल्पासाठी निधी उभारला, त्यामागे हेच पंपांचे बिल होते.

आता 80 फ्लॅटांची एक इमारत घेऊ. दरडोई दररोज 135 लिटर पाणी हे आपल्याकडचे प्रचलित प्रमाण आहे आणि त्यातले 45 लिटर शौचालयाच्या फ्लशसाठी धरतात. चौघांच्या कुटुंबांचा हिशेब केला, तर फ्लशमध्येच रोज 14,400 लिटर नर्मदेचे पाणी जाते, म्हणजे जवळपास 29 युनिट वीज. सांडपाणी शुद्ध करून दुहेरी नळजोडणीने, म्हणजे पिण्याच्या पाण्यापासून वेगळ्या नळाने, ते फ्लशला पुरवल्यास ही मागणी वाचते. अर्थात शुद्धीकरण केंद्रात पाण्यात हवा सोडणाऱ्या ब्लोअरलाही वीज लागते, त्यामुळे त्याचे मीटर वेगळे असले पाहिजे, नाहीतर बचत खरी की कागदावरची, हे कळणारच नाही.

दुसरी बाब उष्णतेची. निवासी इमारतींसाठी 2018 साली आलेल्या इको-निवास संहितेत, छत वगळता भिंती आणि खिडक्यांमधून घरात शिरणाऱ्या उष्णतेचे एक मोजमाप ठरवले आहे, आणि इंदूरसारख्या संमिश्र हवामानात ते प्रति चौरस मीटर 15 वॉटपेक्षा अधिक असू नये, अशी अट आहे. ॲल्युमिनियमच्या साच्यात ओतलेली सलग काँक्रीटची भिंत बांधायला जलद असली, तरी एएसी ब्लॉकच्या, म्हणजे हवेची बारीक छिद्रे असलेल्या हलक्या ठोकळ्यांच्या, भिंतीपेक्षा ती कित्येक पटींनी अधिक उष्णता आत सोडते. त्यातून पश्चिमेला छज्जाविना मोठी काच बसवली, तर मे महिन्यात दुपारी चारनंतर ती खोली वातानुकूलन यंत्राशिवाय वापरता येत नाही. याउलट माळव्याच्या रात्री गार असतात, आणि समोरासमोरच्या खिडक्या उघडता आल्या तर दिवसभर तापलेल्या भिंती त्या गारव्यात निवतात. म्हणूनच घराच्या क्षेत्रफळाच्या किमान 12.5 टक्के भाग उघडता येण्याजोगा असावा, ही याच संहितेतली अट मला फार मोलाची वाटते.

छतावरच्या सौरऊर्जेबाबत मात्र उंच इमारतीकडून फार अपेक्षा ठेवू नये. एका मजल्यावर चार फ्लॅट असलेल्या वीस मजली इमारतीचे छत सुमारे 400 चौरस मीटरांचे असेल, तर टाक्या आणि लिफ्टची खोली सोडली नाही तरी तिथे 40 किलोवॉटच बसतात, म्हणजे फ्लॅटमागे अर्धा किलोवॉट आणि दिवसाला सरासरी दोन युनिट. त्यातून लिफ्ट, पंप आणि जिन्यातले दिवे यांचा काही भार निघेल, पण घरोघरीच्या एसीचा नाही.

बांधकामात आधीच खर्ची पडलेला कार्बन यांहून वेगळा आहे. सिमेंटसाठी चुनखडी भाजताना तिच्यातूनच कार्बन डायऑक्साइड सुटतो, आणि जसजशी उंची वाढते तसतसे वाऱ्याचा दाब पेलण्यासाठी दर चौरस फुटामागे अधिक पोलाद व काँक्रीट लागते. राखमिश्रित सिमेंटमुळे हा भार कमी होतो, परंतु तो निर्णय पाया घालण्यापूर्वीचा असतो, रहिवाशांच्या हाती उरत नाही.

त्यांच्या हाती नोंदी उरतात. सोसायटीच्या वार्षिक सभेत शुद्धीकरण केंद्राच्या मीटरचे वर्षभराचे आकडे आणि महापालिकेच्या नळाचे आकडे शेजारी शेजारी ठेवून पाहावेत. शुद्ध केलेले पाणी फक्त बागेला जात असेल आणि फ्लशची टाकी अजूनही नर्मदेच्या पाण्यानेच भरत असेल, तर ते या दोन आकड्यांवरून ताबडतोब लक्षात येते, आणि दुरुस्ती बहुतेक वेळा एका व्हॉल्व्हची आणि थोड्या पाइपचीच असते.