टाकी भरलेली, तरी इंजिन उपाशी

जुनी टू-स्ट्रोक वॉटर स्कूटर चोक ओढला की सुरू होते, निम्म्या थ्रॉटलपर्यंत बरी पळते आणि आणखी दाबलं की गुदमरते. अशा वेळी बहुतेकांचा हात आधी कार्बोरेटरकडे, म्हणजे पेट्रोल आणि हवा मिसळणाऱ्या भागाकडे जातो. माझं ठाम मत आहे की कार्बोरेटर सगळ्यात शेवटी खोलावा. दुखणं पुष्कळदा टाकी आणि कार्बोरेटर यांच्या मधल्या रस्त्यात असतं.

तोवर जोरात पळवून ‘कचरा निघून जाईल’ याची वाट मात्र पाहू नये. १ ग्रॅम पेट्रोल पूर्ण जळायला सुमारे १४.७ ग्रॅम हवा लागते. पूर्ण थ्रॉटलला इंजिनाला याहून जास्त पेट्रोल दिलं जातं, कारण वाफ होताना ते आतली उष्णता शोषतं. ते कमी पडलं की पिस्टन तापतो, सिलिंडरपेक्षा जास्त फुगतो आणि शेवटी धरतो, म्हणजे आतच जाम होतो. अॅल्युमिनियम ६६० अंश सेल्सिअसला वितळतं, जळणाऱ्या वायूंचं तापमान २००० अंशांच्या वर असतं. म्हणजे पेट्रोल हे इथं इंधन आहे, तसंच थंडावाही.

१९९०च्या दशकातल्या सी-डू या ब्रँडच्या वॉटर स्कूटर घ्या. त्यांच्या मिकुनी कंपनीच्या कार्बोरेटरमध्ये फ्लोट (पेट्रोलची पातळी राखणारा तरंगता भाग) नसतो, कारण लाटेवर उडणाऱ्या किंवा उलटणाऱ्या गाडीत तो चालणार नाही. त्याऐवजी पातळ पडदे असतात. पिस्टन खालीवर होताना क्रँककेसमधला, म्हणजे पिस्टनखालच्या बंद पेटीतला, दाब कमीजास्त होतो, तो एका बारीक नळीतून पंपाच्या पडद्यापर्यंत येतो आणि पडदा पेट्रोल ओढतो. ६००० आरपीएमला हे सेकंदाला १०० वेळा घडतं. ही नळी चिरली किंवा सैल झाली, तर पंप चांगला असूनही पेट्रोल चढत नाही.

या गाड्यांचं कुप्रसिद्ध दुखणं म्हणजे मूळच्या करड्या रंगाच्या पेट्रोल नळ्या. कालांतराने त्या आतून विरघळतात आणि हिरवट, चिकट राळ तयार होते. ती कार्बोरेटरच्या आतल्या नखाएवढ्या जाळीवर जाऊन बसते. बाहेरचा फिल्टर स्वच्छ दिसतो म्हणून मालक निर्धास्त असतो, पण फिल्टरच्या पुढची नळीही त्याच जातीची असते! नळ्या न बदलता कार्बोरेटर साफ केला, तर काही दिवसांनी पुन्हा तेच. करडी नळी दिसली की सगळ्या बदला आणि पेट्रोलचा कॉकही उघडून पाहा, राळ तिथेही साचते.

शोधाची सुरुवात सोपी आहे. गाडी रिझर्व्हला टाकली की नीट चालते? मग टाकीतल्या मुख्य नळीची जाळी किंवा कॉकची ती वाट तुंबली आहे. झाकण उघडताच ‘फुस्स’ आवाज येऊन गाडी सुधारते? मग टाकीत हवा घेणारा व्हॉल्व्ह अडकला आहे. पेट्रोल गेलं तेवढी हवा आत आली नाही, तर टाकीत निर्वात तयार होतो आणि पंप हरतो.

सगळ्यात फसवी असते ती ‘एअर घेणारी’ नळी. टाकी ते पंप या टप्प्यात पेट्रोल ढकललं जात नाही, ओढलं जातं. त्यामुळे तडा गेला तरी थेंबही बाहेर येत नाही, उलट बाहेरची हवा आत शिरते. फिल्टरच्या वाटीची रबरी रिंग कडक झाली तरी हेच होतं. अशा वेळी नळ्यांना हातपंपाने ५ पीएसआयच्या आसपास हलका दाब द्यावा आणि सांध्यांवर साबणाचं पाणी लावावं. बुडबुडा जागा दाखवतो.

कोकणात पावसाळ्यात जलक्रीडा बंद असतात आणि गाड्या दमट हवेत पडून राहतात. पेट्रोलमधला हलका भाग उडून मागे डिंक उरतो, इथेनॉल हवेतला ओलावा शोषतं. आता पंपावर २० टक्के इथेनॉलचं पेट्रोल मिळतं. इथेनॉलला जळायला वजनाच्या फक्त नऊपट हवा लागते, म्हणजे तेवढ्याच हवेला ते जास्त लागतं. जुन्या मापाच्या जेटमधून (कार्बोरेटरमधल्या पेट्रोलच्या बारीक छिद्रातून) मिश्रण आपोआप हवेकडे झुकतं. नळ्या आणि व्हॉल्व्ह ठीक असूनही स्पार्क प्लग पांढरा पडत असेल, म्हणजे पेट्रोल कमी पडत असेल, तर जेटचा विचार करावा.

आणि कुठलंही काम करण्याआधी सीट काढून गाडी बराच वेळ उघडी ठेवावी. पेट्रोलची वाफ हवेपेक्षा जड असते, ती तळाशी साचते आणि स्टार्टरची एक ठिणगी तिला पुरते.