मॉड की फर्स्ट कॉपी?

मे महिन्यातल्या एका लग्नात मावसभावाने भर पंगतीत माझं मनगट धरलं, घड्याळ उजेडाकडे फिरवलं आणि चार माणसांना ऐकू जाईल अशा आवाजात विचारलं, "फर्स्ट कॉपी ना रे? कितीला बसली?" मी म्हटलं, कॉपी नाही, मॉड आहे, म्हणजे काटे, तबकडी, काच असे भाग हौसेने बदलून केलेलं घड्याळ. "तेच ते," म्हणून तो मठ्ठ्याकडे वळला.

त्याच्या स्वतःच्या हातात रोलेक्स सबमरिनरची फर्स्ट कॉपी होती आणि ती लपवायचा त्याला अजिबात सोस नाही. त्याच्या जागेवरून पाहिलं तर त्याचं बरोबरच होतं म्हणा. दोन्ही घड्याळांची तबकडी काळी, तासांच्या जागी पांढरे ठिपके, काचेभोवती फिरणारी कडी म्हणजे बेझल, स्टीलचा पट्टा. दोन्ही उघडायला तोच चिमटा आणि तेच भिंग लागतं. इतकंच काय, आतलं मशीनही एकच असू शकतं. आणि फर्स्ट कॉपी आणून ती घरी उघडून ‘सुधारत’ बसणारेही हौशी लोक असतात, तेही रविवारी, तेही जेवणाच्या टेबलावर. तेव्हा गल्लत होणारच.

मॉडची गोष्ट सेइकोपासून सुरू करावी लागते. १९९६ साली या जपानी कंपनीने एसकेएक्स००७ नावाचं, समुद्रात बुडी मारणाऱ्यांसाठीचं घड्याळ काढलं. दोनशे मीटरपर्यंत पाणी सोसणारं, चावी तीनच्या आकड्यापाशी असते तशी नसून चारच्या जवळ सरकवलेली, आणि किंमत पगारदार माणसाला झेपेल अशी. आतलं ७एस२६ मशीन दणकट, पण अडाणी. त्याला हाताने चावी देता येत नाही आणि वेळ लावताना सेकंदकाटा थांबत नाही. २०१९ च्या सुमारास कंपनीने ते मॉडेल बंद केलं, पण तोवर जगभरच्या हौशी लोकांच्या लक्षात आलं होतं की सेइकोच्या बऱ्याच मॉडेलांचे काटे, तबकड्या आणि बेझल एकमेकांना बसतात. मग कुणी सेइकोची नेहमीची हार्डलेक्स काच काढून ओरखडे न पडणारी सफायर बसवली, कुणी काळ्या बेझलच्या जागी निळी, कुणी मशीनच बदललं. हे सगळं पुरवणारा सुट्या भागांचा एक बाजारच उभा राहिला. त्याला एनएच३५ या मशीनने आणखी हात दिला. सेइकोच्याच समूहात तयार होणारं आणि बाहेरच्या कंपन्यांना खुलेआम विकलं जाणारं हे मशीन, चोवीस ज्वेलचं (म्हणजे चाकांची झीज कमी करणारे बारीक खडे), एकदा भरलं की साधारण ४१ तास चालणारं. दिवसाला वीस सेकंद मागे ते चाळीस सेकंद पुढे एवढी सूट कंपनीने स्वतःच जाहीर करून ठेवली आहे, म्हणजे फार मोठ्या अपेक्षा ठेवायच्याच नाहीत. आज मॉड म्हटलं की बहुतेक वेळा आत हेच धडधडत असतं.

काम प्रत्यक्षात कसं चालतं ते सांगतो. आधी पंखा बंद करायचा, उन्हाळा असला तरी. तबकडीवर बसलेला धुळीचा एक कण काच बसेपर्यंत दिसत नाही आणि काच बसल्यावर दुसरं काही दिसत नाही. मशीन धारकात ठेवायचं, चावीची दांडी बसवायची आणि काटे हळूहळू पुढे नेत तारीख बदलायची वाट पाहायची. तारखेचं चाक ‘टक्’ करून उडी मारतं तो क्षण म्हणजे मशीनच्या लेखी रात्रीचे बारा. तिथे थांबून तासकाटा बरोबर बारावर दाबायचा, त्यावर मिनिटकाटा, सगळ्यात शेवटी सेकंदकाटा. तासकाट्याचं भोक दीड मिलिमीटर, मिनिटकाट्याचं ०.९, सेकंदकाट्याचं ०.२. माझ्या पहिल्या मॉडला मी स्विस ईटीए २८२४ मशीनसाठीचे काटे मागवून बसलो होतो. तास आणि मिनिट चपखल बसले, कारण ती मापं तीच आहेत. सेकंदकाट्याचं भोक मात्र ०.२५ चं. पाच शतांश मिलिमीटरने काय होतंय, असं म्हणून दाबला, बसल्यासारखा वाटला. दुसऱ्या दिवशी लोकलमध्ये घड्याळ बघितलं तर तो काचेखाली सुटा लोळत होता.

(काट्यांवर रात्री चमकतं त्याला आपण अजून ‘रेडियम’ म्हणतो. त्यात रेडियम नसून कित्येक वर्षं झाली. आता बहुधा स्ट्रॉन्शियमचं ॲल्युमिनेट असतं, ते दिवसा उजेड पितं आणि रात्री ओकतं. नाव मात्र चिकटलं ते चिकटलं.)

आता दुसरं टेबल, कॉपीवाल्यांचं. फर्स्ट कॉपी म्हणजे तबकडीवर रोलेक्सचं नाव आणि मुकुट छापलेलं, पण रोलेक्सने न बनवलेलं घड्याळ. ती किरकोळ किमतीपासून पगाराएवढ्या किमतीपर्यंत मिळते आणि वरच्या दर्जाची कॉपी आजकाल खरोखर बरी बनते. तरी खऱ्या घड्याळाशी ताडून पाहिलं तर काही ना काही उघडं पडतं. रोलेक्सच्या तारखेवरचं छोटं भिंग आकडा अडीचपट मोठा दाखवतं, कॉपीतलं बऱ्याचदा कमी दाखवतं. तारखेच्या आकड्यांचं वळण चुकतं. आणि मशीनचे ठोके. खऱ्या सबमरिनरचं मशीन तासाला २८,८०० ठोके देतं, म्हणजे सेकंदाला आठ, एनएच३५ देतं २१,६००, म्हणजे सहा. सरावलेल्या डोळ्याला सेकंदकाट्याच्या सरकण्यातून ते कळतं.

कॉपी सुधारणारा हौशी माणूस या उघड्या जागा एकेक करून बुजवत जातो. भिंग बदलतो, तारखेचं चाक बदलतो, रेडियमचा रंग जुळवतो, आठ ठोक्यांचं मशीन घालतो. काही जण सुटे अस्सल भाग मिळवून बसवतात आणि शेवटी अर्धं खरं, अर्धं खोटं असं काहीतरी तयार होतं, त्याला त्या मंडळींत ‘फ्रँकन’ म्हणतात. यातली कारागिरी मी कमी लेखत नाही. केसच्या, म्हणजे घड्याळाच्या धातूच्या कवचाच्या, खांद्यांची धार हाताने घासून मूळच्या वळणावर आणणं हे माझ्या बोटांना जमणारं काम नाही. शिवाय या सुधारणांमधली एक तर निखळ शहाणपणाची आहे: रबरी गास्केट बदलून पाण्याचा दाब तपासणं. कॉपीच्या तबकडीवर ३०० मीटर लिहिलेलं असतं आणि पावसात छत्री उघडेपर्यंत आत वाफ धरलेली असते.

तर मग फरक कुठे आहे? मी बरीच वर्षं ‘दर्जात’ असं उत्तर देत होतो आणि ते साफ चुकीचं होतं. चांगली कॉपी साध्या मॉडपेक्षा सरस असू शकते. फरक काम कुठल्या दिशेला चाललंय यात आहे. मॉडमध्ये मी जो बदल करतो तो दिसावा म्हणून करतो. केशरी मिनिटकाटा लावला तर कुणीतरी विचारावं, हा कुठून आणला? कॉपी सुधारणाऱ्याचा प्रत्येक बदल दिसू नये म्हणून असतो. त्याचं काम जितकं उत्तम, तितका तो स्वतः त्यातून नाहीसा होतो आणि तबकडीवरचं नाव तेवढं अधिक खरं वाटू लागतं. आठवडाभर खपून केलेल्या कामाचं श्रेय जिनिव्हाच्या कंपनीला. मला हे जरा करुण वाटतं, पण तो माझा स्वभाव.

कायद्याचं बोट मात्र थेट नावावरच जातं. आकाराचं फारसं कौतुक नाही. भारतात डिझाईनच्या नोंदणीला जास्तीत जास्त पंधरा वर्षं संरक्षण मिळतं, आणि सबमरिनर आली १९५३ साली. त्यामुळे काळी तबकडी, गोल ठिपके आणि फिरती बेझल घेऊन, वर स्वतःचं नाव घालून घड्याळ विकणाऱ्या कंपन्या जगभर आहेत, त्यांच्या घड्याळांना ‘होमाज’ म्हणतात. नाव उचललं की प्रकरण वेगळं. १९९९ च्या ट्रेडमार्क कायद्यात खोटं चिन्ह लावणं किंवा तसा माल विकणं याला सहा महिने ते तीन वर्षं कैद आणि पन्नास हजार ते दोन लाख रुपये दंड आहे.

पण खऱ्या घड्याळात बदल केले तर? इथे अमेरिकेतले दोन निकाल शेजारी ठेवून वाचण्यासारखे आहेत. एका कंपनीने जुनी अस्सल रोलेक्स घेऊन त्यांना बाहेरच्या बेझल, पट्टे, तबकड्या बसवून विकली. १९९९ मध्ये तिथल्या अपील न्यायालयाने म्हटलं की घड्याळ इतकं मुळातून बदललंय की ती नवीच वस्तू झाली, तिच्यावर रोलेक्सचं नाव ठेवता येणार नाही. नुसती ‘बदल केले आहेत’ अशी चिठ्ठी जोडून भागणार नाही. दुसरा निकाल व्होर्टिक या कोलोरॅडोतल्या छोट्या कंपनीचा. तिने हॅमिल्टन कंपनीच्या जुन्या खिशातल्या घड्याळांची मशीनं दुरुस्त करून नव्या केसमध्ये घातली आणि मनगटी घड्याळं केली. हॅमिल्टनचं नाव तबकडीवर, मशीनवर तसंच राहिलं. हॅमिल्टन कोर्टात गेली आणि हरली, २०२० मध्ये एकदा आणि २०२१ मध्ये अपिलात पुन्हा. कारण व्होर्टिकने जाहिरातीत आणि केसवर आपलं नाव घालून काय जुनं, काय नवं, कुणी केलं हे उघड सांगितलं होतं. वस्तू बघून गिऱ्हाइकाचा गोंधळ उडेल असं न्यायालयाला वाटलं नाही.

भारतीय कायद्यातही याचा धागा आहे. एकदा रीतसर विकलेला माल पुढे विकायला चिन्हाच्या मालकाची आडकाठी नसते, पण विक्रीनंतर त्या मालात बदल झाला असेल किंवा तो बिघडला असेल तर तो हरकत घेऊ शकतो. म्हणजे स्वतः वापरायला केलेला मॉड हा एक प्रश्न आणि तोच विकायला काढला की दुसरा.

आता आमच्या बाजूचंही बोललं पाहिजे. मॉडवाले स्वतःला सोवळ्यातले समजतात, पण सुट्या भागांच्या बाजारात मिळणाऱ्या कित्येक तबकड्यांवर सेइकोचं नाव छापलेलं असतं आणि त्या सेइकोने बनवलेल्या नसतात. अशी तबकडी बाहेरच्या केसमध्ये, बाहेरच्या काट्यांसकट लावली तर आतल्या मशीनपलीकडे त्या घड्याळात सेइकोचं काय उरलं? आणि त्याच केसमध्ये, त्याच एनएच३५ वर मुकुटवाली तबकडी लावली तर? दोन घड्याळांत साधारण साडेअठ्ठावीस मिलिमीटरच्या एका चकतीचा फरक. मॉड आणि कॉपी यांच्यातली सीमा दोन दुकानांच्या मधून जात नाही, माझ्या ड्रॉवरमधल्या दोन पुड्यांच्या मधून जाते. मी आता कोऱ्या तबकड्या वापरतो. आधी वापरत नव्हतो.

आपल्याकडे या सगळ्याचा एक घरगुती अवतार आहे, तो म्हणजे एचएमटी. बंगळुरूच्या या सरकारी कंपनीने सिटिझनच्या मदतीने १९६१ साली घड्याळं करायला घेतली, आणि नंतर आपल्याकडे कित्येक घरांत लग्नातल्या घड्याळावर जनता किंवा पायलट असं नाव असायचं. घड्याळांचा कारखाना २०१६ मध्ये बंद पडला आणि हळहळ सुरू झाली. हळहळीला माल लागतो. मीही ऑनलाइन एक पायलट घेतलं, भडक नारिंगी, विकणाऱ्याने ‘जुना न वापरलेला साठा’ म्हटलेलं. आमच्या भागातल्या घड्याळजींनी भिंग लावून पाच सेकंद पाहिलं. अक्षरं जाड होती, मिनिटांच्या रेघा आकड्यांशी जुळत नव्हत्या, आणि बाराच्या वर रंगाचा एक ओघळ होता. "मशीन खरं आहे," ते म्हणाले, "कपडे नवीन शिवलेत." सतरा ज्वेलचं चावीचं मशीन अस्सल, केस घासूनपुसून चकचकीत, तबकडी रंगवलेली.

हे मॉड की कॉपी? ‘मी रंगवली आहे’ असं विकणाऱ्याने लिहिलं असतं तर मी त्याला मॉड म्हटलं असतं, कदाचित तेवढेच पैसेही दिले असते. ते घड्याळ अजून माझ्याकडे आहे, दिवसाला मिनिटभर पुढे पळतं.

गणपतीत मावसभाऊ घरी आला तेव्हा त्याच्या सबमरिनरच्या काचेआत धुकं धरलं होतं. मागचं झाकण उघडलं, गास्केट कडक पडून चिरलेलं. सिलिका जेलच्या पुड्यांबरोबर घड्याळ डब्यात ठेवलं, दुसऱ्या दिवशी नवीन गास्केटला सिलिकॉन ग्रीस लावून बसवलं. तो खूश झाला आणि म्हणाला, आता हात लागलाच आहे तर ते भिंगही बदल, तारीख बारीक दिसते, ओळखणारे ओळखतात. मी म्हटलं, भिंग नको, तबकडी बदलून देतो. काळीच, ठिपकेवाली, कोरी. फुकट.

त्याने घड्याळ हातात चढवलं आणि माझ्याकडे वेड लागल्यासारखं बघितलं. "कोरी? मग घालायची कशाला?"