गंजलेला झोपाळा, बाक, खुर्च्या रंगवायला देण्यापूर्वी

किनाऱ्याजवळच्या घरांत अंगणातलं लोखंड पावसाळा सरल्यावरही गंजत राहतं. खाऱ्या वाऱ्याबरोबर आलेलं मीठ त्यावर बसतं आणि हवेतली ओल धरून ठेवतं. त्यावर नुसता रंग चढवला तर गंज खालून फुगतो आणि पुढच्या पावसाळ्यातच पोपडे सुटतात. म्हणून आमचा बराचसा वेळ रंगाआधीच्या कामात जातो, आणि मजुरीही मुख्यतः त्याचीच असते.

वस्तू आली की आधी गोड्या पाण्याने धुऊन मीठ काढतो. मग पाय तपासतो. चौकोनी पाइपच्या पायांत पाणी साठतं, पाइप आतून सडतो आणि वरून रंग मात्र शाबूत दिसतो. हातोडीने हलकं ठोकलं की कळतं: खणखणीत आवाज आला तर पाइप चांगला; भद्द वाजला किंवा पत्रा दबला तर तेवढा भाग कापून नवा तुकडा वेल्ड करतो. लांबी (पुट्टी) भरून भोक बुजवून द्या, असं कुणी सांगितलं तरी आम्ही करत नाही. त्यावर घरातलं माणूस बसणार असतं. पाणी निघून जावं म्हणून खाली बारीक भोक ठेवतो. रबरी बूट बसवताना ते बुजवू नका.

गंज तारेच्या ब्रशने आणि ग्राइंडरने काढतो. उघडं लोखंड दमट हवेत काही तासांत लालसर होतं, त्यामुळे प्रायमर, म्हणजे रंगाखालचा पहिला थर, त्याच दिवशी लागतो. समुद्राजवळ साध्या रेड ऑक्साइडपेक्षा झिंक फॉस्फेटचा इपॉक्सी प्रायमर टिकतो. खर्च थोडा वाढतो, पण आमचा आग्रह त्याचाच. वर इनॅमलचे दोन हात. जीआय, म्हणजे जस्ताचा मुलामा दिलेला पाइप असेल तर आधी सांगा, त्यावर इनॅमल थेट धरत नाही.

घरी जुना रंग घासणार असाल तर एक काळजी घ्या. घरगुती रंगातल्या शिशावर ९० पीपीएमची (दहा लाख भागांत ९०) मर्यादा नोव्हेंबर २०१७ पासून आली. त्याआधीच्या रंगात शिसं असू शकतं. कोरडं घासू नका. वॉटर पेपर (पाण्यात भिजवून वापरायचा घासकागद) ओला करून वापरा, मुलांना लांब ठेवा.

रंगाचं काम आम्ही दिवाळीनंतर मेपर्यंत घेतो, पावसात फक्त वेल्डिंग. झोपाळा आणताना कड्या आणि साखळ्याही आणा. कडीत कडी घासते तिथे झीज होते, आणि ती साखळी सैल सोडल्याशिवाय दिसत नाही.