हरित न्यायाधिकरणात अडकलेला गृहप्रकल्प: सदनिका घेणाऱ्यांनी हस्तक्षेप अर्ज कसा करावा

पर्यावरणाच्या कारणावरून दाखल झालेल्या प्रकरणात गृहप्रकल्पाला स्थगिती मिळाली, की विकासकाचा वकील उभा राहतो, तक्रारदाराचा वकील असतोच, आणि ज्यांचे गृहकर्जाचे हप्ते चालू आहेत ते मात्र पुढची तारीख कधी आहे हे एकमेकांना विचारत बसतात. वास्तविक त्यांना राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणात हस्तक्षेप अर्ज, म्हणजे चालू प्रकरणात आपल्यालाही सामील करून घेण्याची विनंती, करून आपली बाजू मांडता येते. महाराष्ट्रातील प्रकरणांसाठी पुण्याचे पश्चिम विभागीय खंडपीठ आहे. निकाल लागल्यावर धावाधाव करणे किती महागात पडते, हे केरळमधील मरडूच्या रहिवाशांनी अनुभवले आहे. किनारा नियमनाच्या उल्लंघनावरून सर्वोच्च न्यायालयाने ८ मे २०१९ रोजी इमारती पाडण्याचा आदेश दिल्यावर, आमचे ऐकूनच घेतले नाही असे ते सांगत राहिले, आणि जानेवारी २०२० मध्ये इमारती स्फोटकांनी पाडण्यात आल्या.

अर्जदाराला प्रकल्पातील आपला हितसंबंध कागदावर दाखवता आला पाहिजे. त्यासाठी नोंदणीकृत करारनामा, इंडेक्स टू (दस्त नोंदणीचा उतारा), पैसे भरल्याच्या पावत्या आणि कर्जमंजुरीचे पत्र जोडावे. अनेकांकडे केवळ वाटपपत्र असते, आणि अर्ज तिथेच लंगडा पडतो. रेरा, म्हणजे स्थावर मालमत्ता नियमन कायद्याच्या कलम १३ नुसार नोंदणीकृत करार केल्याशिवाय १० टक्क्यांहून अधिक रक्कम विकासकाला घेता येत नाही. तरीही ती दिली असेल, तर निदान बँकेचा शिक्का असलेला खातेउतारा जोडावा. रोखीने दिलेल्या रकमेचा अर्जात उल्लेख करून नवे संकट ओढवून घेऊ नये.

सर्वांनी मिळून अर्ज करायचा असल्यास, एका व्यक्तीला अधिकार देणारा ठराव लागतो. मी पाहिलेल्या एका अर्जात ठराव व्यवस्थित टंकलिखित होता, पण सह्यांचा कागद उलटून पाहिल्यावर मागे कोजागिरीच्या वर्गणीची यादी निघाली. सह्या खऱ्या होत्या, माणसेही खरी होती. तरी अशा कागदावर समोरचा वकील पहिले बोट ठेवतो. गृहनिर्माण संस्था अद्याप नोंदणीकृत नसेल, तर संस्थेच्या नावाने अर्ज करू नये. खरेदीदारांनी व्यक्तिशः, प्रत्येकाच्या सदनिकेच्या क्रमांकासह, अर्जदार व्हावे.

आता मुदतीचा प्रश्न, ज्यात सर्वाधिक गफलत होते. पर्यावरण मंजुरीविरुद्ध अपील करण्यासाठी हरित न्यायाधिकरण कायदा, २०१० च्या कलम १६ नुसार ३० दिवस मिळतात, आणि सबळ कारण असल्यास आणखी ६० दिवस. हे एकूण ९० दिवस संपल्यावर विलंब माफ करण्याचा अधिकार न्यायाधिकरणालाही राहत नाही. म्हणून उशिरा जागे झालेले तक्रारदार तेच अपील कलम १४ खालील मूळ अर्जाच्या वेशात आणतात, कारण तिथे सहा महिने आणि वर ६० दिवस असतात. हा वेश ओळखणे हेच तुमच्या अर्जाचे मुख्य काम आहे. त्यासाठी, मुदत कधी सुरू झाली हे दाखवायला, मंजुरी जाहीर कधी झाली हे सिद्ध करावे लागते, आणि नेमका तो कागद कोणाकडेच नसतो. मंजुरी मिळाल्यापासून सात दिवसांत दोन स्थानिक वृत्तपत्रांत जाहिरात देण्याची अट विकासकावर असते. ती कात्रणे त्याच्याकडून लेखी मागावीत. टाळाटाळ झाल्यास मंजुरी देणाऱ्या राज्य पर्यावरण आघात मूल्यांकन प्राधिकरणाकडे माहिती अधिकारात अर्ज करावा, आणि पर्यावरण मंजुऱ्यांच्या ‘परिवेश’ या सरकारी संकेतस्थळावरील मंजुरीपत्राची प्रतही काढून ठेवावी. मात्र मंजुरीच घेतलेली नसेल, किंवा मंजूर क्षेत्रापेक्षा जास्त बांधकाम झाले असेल, तर या युक्तिवादाच्या भरवशावर राहू नये.

‘जनसुनावणी झालीच नाही’ हा आक्षेपही नेहमी येतो. १४ सप्टेंबर २००६ च्या पर्यावरण आघात मूल्यांकन अधिसूचनेनुसार २०,००० चौरस मीटर किंवा त्याहून अधिक बांधकामाला पूर्वमंजुरी लागते, परंतु इमारत प्रकल्पांना जनसुनावणीतून वगळलेले आहे, हे एका परिच्छेदात नमूद करावे. रस्त्याची रुंदी किंवा चटईक्षेत्र हाच खरा वाद असेल, तर तेही दाखवून द्यावे, कारण न्यायाधिकरणाची कक्षा कायद्याच्या पहिल्या अनुसूचीतील सात कायद्यांपुरती आहे आणि नगररचना कायदा त्यांत नाही. त्याच न्यायाने तुम्हीही ताबा किंवा परतावा इथे मागू नये. ती दाद महारेराकडे, म्हणजे रेरा कायद्याखालील राज्याच्या प्राधिकरणाकडे, मागायची असते.

विकासकाचे उत्तर जसेच्या तसे उतरवून काढण्याचा मोह टाळावा. सांडपाणी प्रक्रिया केंद्र खरोखरच उभारलेले नसेल, तर ते मान्य करून, ठरावीक मुदतीत उभारून घ्यावे पण उर्वरित काम थांबवू नये, अशी मागणी केल्यास अर्जाला वजन येते. शेवटी त्या इमारतीत तुम्हालाच राहायचे आहे. वकीलपत्र, प्रतिज्ञापत्र, मराठी कागदांचे इंग्रजी भाषांतर आणि सर्व पक्षकारांना प्रत दिल्याचा पुरावा ही नेहमीची बाब असून वकील ती पाहतात.

तक्रार खोटी किंवा त्रास देण्यासाठीच केलेली ठरली, तर कलम २३ खाली न्यायाधिकरण, कारणे नोंदवून, स्थगितीमुळे बुडालेल्या लाभासह खर्च देण्याचा आदेश देऊ शकते. म्हणून स्थगितीच्या तारखेपासून भरलेले हप्ते आणि घरभाडे यांचा महिनावार तक्ता पहिल्याच प्रतिज्ञापत्रात द्यावा, आणि त्यासोबत हाताने मांडलेला हिशेब नव्हे, तर बँकेचे प्रमाणपत्र व नोंदणीकृत भाडेकरार जोडावा.